विधिमंडळाची देखरेख आणि वऱ्हाडातील सार्वजनिक सेवा

संसदीय राज्यपद्धतीत विधिमंडळाचे कार्य कायदे करणे आणि अंदाजपत्रकास मंजुरी देणे एवढ्यावर संपत नाही. मंजूर झालेला पैसा कोणत्या कामी लागला, जाहीर झालेले धोरण कोठवर पोहोचले आणि जनतेस मिळावयाची सेवा तिला खरोखर मिळाली की नाही, हे विचारण्याचा अधिकार विधिमंडळास आहे. तितकेच ते त्याचे कर्तव्यही आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १६४ अन्वये राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेस सामूहिकरीत्या जबाबदार असते. या जबाबदारीचा व्यवहारातील अर्थ उत्तर देण्याची जबाबदारी असा आहे. कोणास, केव्हा आणि कशाचे उत्तर द्यावयाचे, हे ठरविणारी जी साधने विधिमंडळाने काळाच्या ओघात घडविली, त्यांनाच एकत्रितपणे प्रशासनावरील देखरेख असे म्हणता येईल.

या साधनांचे वर्णन राज्यशास्त्राच्या क्रमिक ग्रंथांतून विपुल आढळते. परंतु ते बहुधा सभागृहाच्या बाजूने केलेले असते. तीच यंत्रणा गावाच्या बाजूने पाहिली असता काही निराळे प्रश्न उभे राहतात. अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या मार्गावर, पेढी नदीच्या काठी वसलेले वलगाव हे अशा पाहणीस सोयीचे गाव आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी श्रीसंत गाडगेबाबांनी याच परिसरात देह ठेवला, म्हणून ते महाराष्ट्रास परिचित आहे. ग्रामस्वच्छता, पाणीपुरवठा, आरोग्य, शाळा, रस्ते व सिंचन या ज्या सेवांवर शासनाचा मोठा खर्च होतो, त्या सर्वांचा संबंध अशा गावाशी प्रतिदिनी येतो. त्या सेवांविषयी गावात निर्माण झालेला प्रश्न विधिमंडळापर्यंत कसा जातो आणि त्याचे उत्तर गावापर्यंत परत येते काय, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

१. ऐतिहासिक पूर्वपीठिका

वऱ्हाड प्रांताचा प्रातिनिधिक संस्थांशी आलेला संबंध काहीसा विलक्षण आहे. १८५३ च्या तहान्वये निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या कारभारात दिला. १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे आला आणि पुढील वर्षी मध्यप्रांतास जोडण्यात आला. तथापि कायद्याच्या दृष्टीने तो ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हता. यामुळे मध्यप्रांताच्या कायदेमंडळात वऱ्हाडचे जे प्रतिनिधी मतदारांनी निवडावयाचे, त्यांची सरकारने पुन्हा औपचारिक नियुक्ती करावयाची, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे. निवडून आलेला सभासद कागदोपत्री नियुक्त ठरे.

असे असूनही या कायदेमंडळाने आर्थिक नियंत्रणाचे शस्त्र निर्भयपणे वापरल्याचे दिसते. १९१९ च्या सुधारणांनंतर प्रांतांत द्विदल राज्यपद्धती सुरू झाली. १९२४ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडच्या कायदेमंडळात स्वराज्य पक्षाचे बहुमत होते. त्याने सरकारच्या मागण्या फेटाळल्या आणि मंत्र्यांचे वेतन वर्षास दोन रुपये इतके खाली आणले. त्या प्रसंगी हेतू द्विदल पद्धती बंद पाडण्याचा होता, कारभार सुधारण्याचा नव्हता. परंतु पैशाच्या मंजुरीवरून कार्यकारी सत्तेस उत्तर देण्यास भाग पाडता येते, हा धडा वऱ्हाडच्या राजकीय पिढीने तेथे घेतला.

१९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. तोपर्यंत वऱ्हाडची राजधानी नागपूर होती. ती आता मुंबई झाली. हे अंतर जाणूनच २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात शासनाने वर्षातील काही काळ नागपुरास राहावे व विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन तेथे भरवावे, अशी तरतूद झाली होती. हिवाळी अधिवेशनाची प्रथा तिच्यातून आली. २०२० व २०२१ मध्ये महामारीच्या काळात हे अधिवेशन मुंबईत भरले, तेव्हा विदर्भात त्याविषयी नाराजी व्यक्त झाली. तिच्या मुळाशी केवळ प्रादेशिक अस्मिता नव्हती. ज्या सभागृहाने प्रश्न विचारावयाचा ते आवाक्यात असावे, ही साधी अपेक्षा तिच्यामागे होती.

२. देखरेखीची साधने

विधिमंडळाच्या साधनांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग सभागृहातील साधनांचा. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, स्थगन प्रस्ताव, कपात सूचना आणि विधानसभेच्या नियम २९३ अन्वये होणारी चर्चा ही यांतील प्रमुख होत. यांचे बळ प्रसिद्धीत आहे. मंत्र्यास सर्वांसमक्ष बोलावे लागते आणि त्याचे शब्द कार्यवृत्तात नोंदले जातात. यांची मर्यादा वेळेची आहे. यादीतील थोडेच प्रश्न तोंडी उत्तरासाठी पुकारले जातात आणि उपप्रश्नांना मिनिटे मोजकीच मिळतात.

दुसरा वर्ग समित्यांचा. इंग्लंडमध्ये १८६१ मध्ये स्थापन झालेल्या लोकलेखा समितीचा नमुना हिंदुस्थानात १९२१ मध्ये आला. तेव्हा तिची सूत्रे अर्थखात्याकडे असत. १९५० नंतर ती खऱ्या अर्थाने सभागृहाची समिती झाली. लोकसभेत १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत रूढ झाला. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल अनुच्छेद १५१ अन्वये राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे ठेवले जातात आणि लोकलेखा समिती त्यांच्या आधारे सचिवांची साक्ष घेते. तिच्या जोडीला अंदाज समिती, सार्वजनिक उपक्रम समिती, आश्वासन समिती, अनुसूचित जमाती कल्याण समिती इत्यादी समित्या आहेत. महाराष्ट्राच्या विशेष इतिहासामुळे पंचायती राज समिती आणि रोजगार हमी योजना समिती यांचीही त्यांत भर पडली.

या शेवटच्या दोन समित्यांचा उगम लक्षात घेण्याजोगा आहे. वऱ्हाडातील पुसदचे वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६१ मध्ये लोकशाही विकेंद्रीकरणाविषयी अहवाल दिला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. प्राथमिक शिक्षण, ग्रामीण आरोग्य, लघुपाटबंधारे यांसारख्या सेवा त्यांच्याकडे गेल्या. सेवा जिल्ह्याकडे गेल्या. परंतु त्यांसाठी लागणारा पैसा मुख्यतः राज्याच्या तिजोरीतूनच येत राहिला. म्हणून जिल्हा परिषदांच्या हिशेबांची स्थानिक निधी लेखापरीक्षा व त्यांचे वार्षिक प्रशासन अहवाल तपासणारी स्वतंत्र समिती विधिमंडळास आवश्यक वाटली. ही समिती जिल्ह्यात येते, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची साक्ष घेते, पंचायत समित्या, शाळा व आरोग्य केंद्रे यांना भेटी देते. त्याचप्रमाणे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून सुरू झालेल्या आणि १९७७ च्या कायद्याने हक्काचे स्वरूप पावलेल्या रोजगार हमी योजनेवरही सभागृहाची स्वतंत्र नजर असावी, असे ठरले.

३. गावापासून सभागृहापर्यंत

या साधनांचा मार्ग एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. वलगाव परिसरातील एखाद्या आरोग्य केंद्रात औषधांचा साठा वर्षभर अपुरा राहिला, असे समजा.

पहिला मार्ग प्रश्नाचा. गावकऱ्यांनी आमदारास सांगावे आणि त्याने तारांकित प्रश्न द्यावा. प्रश्न संबंधित खात्याकडे जातो. खाते संचालनालयाकडे, संचालनालय जिल्ह्याकडे आणि जिल्हा बहुधा त्याच केंद्राकडे माहिती मागवितो. अर्थात ज्याच्याविषयी तक्रार, त्याच्याच लेखणीतून उत्तराचा पहिला मसुदा उतरतो. मंत्र्याचे उत्तर प्रामाणिक असूनही अपुरे असते याचे कारण पुष्कळदा येथे सापडते. प्रश्न विचारणाऱ्या सदस्यास स्थळाची माहिती किती, यावरच मग उपप्रश्नाची धार अवलंबून राहते. या संदर्भात एक गोष्ट नमूद करावी लागते. २००४ च्या निवडणुकीपर्यंत वलगाव या नावाचा विधानसभा मतदारसंघ होता. २००८ च्या पुनर्रचनेत तो संपुष्टात आला आणि २००९ पासून ते नाव विधानसभेच्या यादीतून गेले. लोकसंख्येच्या प्रमाणात मतदारसंघ आखणे न्याय्यच होय; परंतु मतदारसंघाचे केंद्र बदलले म्हणजे कोणत्या गावाचा प्रश्न सहज कानी येतो, हेही बदलते.

दुसरा मार्ग लेखापरीक्षेचा. येथे तक्रारीची वाट पाहिली जात नाही. परीक्षक स्वतः नोंदवह्या उघडतो. तक्रारीशी संबंध नसलेला दुसरा डोळा हे लेखापरीक्षेचे मोठे सामर्थ्य आहे. परंतु परीक्षा नमुन्यादाखल काही केंद्रांची होते आणि मुख्यतः खर्चाची होते. औषधखरेदीची निविदा नियमानुसार निघाली की नाही, हे ती नेमके सांगते. औषध नसल्यामुळे किती रुग्ण परत गेले, हे नोंदवहीतच नसेल तर तिलाही सांगता येत नाही.

तिसरा मार्ग आश्वासनाचा. मंत्र्याने सभागृहात ‘कार्यवाही करण्यात येईल’ असे म्हटले की ते आश्वासन ठरते आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. ही व्यवस्था दिसावयास लहान, परंतु महत्त्वाची आहे. कारण बोललेला शब्द ती अधिवेशनाबरोबर विरू देत नाही. चौथा मार्ग पंचायती राज समितीच्या प्रत्यक्ष भेटीचा. तीत आमदार आरोग्य केंद्राच्या औषधभांडारात उभे राहून साठा पाहू शकतात. मात्र दौरा ठरलेला असतो आणि ठरलेल्या दिवशी भांडार सहसा रिकामे नसते.

येथवर पाहता गावाचा प्रश्न वर जाण्यास मार्ग अनेक आहेत. प्रत्येकाचे बळ वेगळे आणि प्रत्येकाचा आंधळा कोपराही वेगळा आहे. म्हणून ते एकमेकांस पूरक ठरतात.

४. मोजमापाचे महत्त्व : अनुशेष

वऱ्हाडने या क्षेत्रात महाराष्ट्रास दिलेली मोठी देणगी म्हणजे अनुशेषाची संकल्पना. विदर्भावर अन्याय होतो, हे विधान दीर्घकाळ भाषणांतून होत होते. परंतु भाषणाची लेखापरीक्षा करता येत नाही. १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमण्यात आली आणि १९८४ मध्ये तिने अहवाल दिला. राज्याची सरासरी हे प्रमाण धरून, त्या सरासरीच्या खाली असलेला जिल्हा तेथवर आणण्यास किती खर्च लागेल, असा तिने हिशेब केला. एकूण अनुशेष ३,१८६ कोटी ७८ लक्ष रुपये निघाला. त्यात विदर्भाचा वाटा ३९.१२ टक्के होता आणि सर्वांत मोठा विषय सिंचनाचा होता.

पुढे अनुच्छेद ३७१ (२) अन्वये १९९४ मध्ये विकास मंडळे स्थापन झाली व निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांकडे आली. निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ ची स्थिती धरून केलेल्या गणनेत अनुशेष सुमारे १४,००७ कोटी रुपये ठरला आणि त्यांपैकी सुमारे ६,६२४ कोटी, म्हणजे जवळजवळ ४७ टक्के, विदर्भाचा होता. किमती वाढल्या असल्याने दोन्ही रकमांची सरळ तुलना योग्य नव्हे; परंतु विदर्भाचा हिस्सा वाढला, ही गोष्ट किमतींनी समजावून सांगता येत नाही. त्यानंतर राज्यपालांच्या निर्देशांनुसार वाटप सुरू झाले. तरीही सिंचनाचा भौतिक अनुशेष अमरावती, अकोला, वाशीम व बुलढाणा या चार जिल्ह्यांत दीर्घकाळ शिल्लक राहिला. हे चारही जिल्हे वऱ्हाडचे आहेत.

या मोजमापाचीही मर्यादा होती. त्याचे एकक जिल्हा होते. जिल्ह्याची सरासरी सुधारली की त्यातील खारपाणपट्टा दिसेनासा होतो. पूर्णेच्या खोऱ्यातील या पट्ट्यात भूजल खारे असल्याने विहिरीचा पर्याय कमी आणि म्हणून धरणाच्या पाण्याचे महत्त्व अधिक. डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१३ मध्ये दिलेल्या अहवालात तालुका हे एकक धरले, ही या दृष्टीने इष्ट सुधारणा होती. तो अहवाल सभागृहापुढे आला डिसेंबर २०१४ मध्ये. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

५. विलंबित तपासणीचे मोल : सिंचन

वाटप न्याय्य झाले तरी खर्च योग्य होतोच असे नाही. १९९७ च्या कायद्याने विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ स्थापन झाले. सिंचनाचा मोठा निधी महामंडळामार्फत खर्च होऊ लागल्यावर सभागृहापुढील मागणीत त्याची एक ठोक रक्कम दिसे. एकेका प्रकल्पाच्या अंदाजात केव्हा व किती वाढ झाली, हे तेथे उमटत नसे. २००९ मध्ये काही महिन्यांच्या अवधीत या महामंडळाच्या ३८ प्रकल्पांचा अंदाजित खर्च ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेला. वाढ २०,०५० कोटींची होती. हीच रक्कम नव्या धोरणासाठी मागितली असती, तर सभागृहात तिच्यावर कित्येक दिवस चर्चा झाली असती.

पुढचा घटनाक्रम विलंबाचा आहे. २०१० मध्ये वडनेरे समितीने चौकशी केली, २०१२ च्या अखेरीस शासनाने श्वेतपत्रिका काढली, डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील विशेष पथकाचा अहवाल आणि सिंचन प्रकल्पांवरील लेखापरीक्षा अहवाल जून २०१४ मध्ये विधिमंडळापुढे आले. त्या लेखापरीक्षेनुसार राज्यात ६०१ प्रकल्प अपूर्ण होते आणि ते पुरे करण्यास सुमारे ८२,६०० कोटी रुपये लागणार होते. तपासणी झाली नाही असे म्हणता येणार नाही. मात्र अंदाज वाढविण्यास मंजुरी मिळाली त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी ती सभागृहाच्या पटलावर आली. तोवर कंत्राटे दिली गेली होती आणि पैसा बांधला गेला होता.

वलगावजवळून वाहणाऱ्या पेढी नदीवर, भातकुली तालुक्यात, खारपाणपट्ट्यासाठी योजिलेला निम्न पेढी प्रकल्पही जिगाव प्रकल्पाबरोबर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढील याचिकांचा विषय झाला. जे प्रश्न अंदाज समितीत वेळीच विचारता आले असते, ते न्यायालयात विचारावे लागले. लेखापरीक्षा अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी पटलावर येतात, हेही या संदर्भात ध्यानात घेण्यासारखे आहे. शेवटच्या दिवशी मिळालेल्या अहवालावर त्या अधिवेशनात चर्चा संभवत नाही आणि पुढच्या अधिवेशनात विषय शिळा झालेला असतो.

६. समिती गावात येते तेव्हा

याच्या उलट, समितीने स्थळ पाहिले म्हणजे काय घडते, याचेही उदाहरण वऱ्हाडात आहे. संसदेची खातेनिहाय स्थायी समित्यांची पद्धत १९९३ मध्ये सुरू झाली. त्यांपैकी कृषिविषयक समिती बासुदेव आचार्य यांच्या अध्यक्षतेखाली मार्च २०१२ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील भांबराजा व मारेगाव येथे गेली आणि बीटी कापसाविषयी शेतकऱ्यांशी बोलली. ऑगस्ट २०१२ मध्ये सादर झालेल्या तिच्या सदतिसाव्या अहवालात सर्व पक्षांच्या सदस्यांनी एकमताने सावधगिरीची भूमिका घेतली. तिच्या निष्कर्षांविषयी शास्त्रज्ञांत मतभेद झाले. परंतु पक्षनिष्ठेने विभागलेले सदस्य पुराव्यासमोर एकत्र येऊ शकतात, एवढे त्यातून निश्चित दिसले. महाराष्ट्र विधिमंडळाच्या समित्यांची रचना मुख्यतः हिशेब, उपक्रम, योजना व समाजगट यांभोवती आहे. केरळने १९८० पासून विषय समित्यांची पद्धत स्वीकारली. तिचा अभ्यास येथे उपयुक्त ठरेल.

भेट मात्र पुरेशी नसते, हे मेळघाट सांगतो. अमरावतीहून परतवाड्यामार्गे मेळघाटात जाणारा रस्ता वलगावातूनच जातो. १९९३ मधील बालमृत्यूंनंतर मंत्री, समित्या व अधिकारी यांच्या कित्येक मोटारी या रस्त्याने गेल्या. १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली, प्रश्न व लक्षवेधी सूचना वारंवार झाल्या. तरीही जनहित याचिकांवर उच्च न्यायालयास वर्षानुवर्षे सुनावणी घ्यावी लागली. न्यायालय एक काम चिकाटीने करते. ते पुढची तारीख देते आणि त्या तारखेस मागच्या आदेशाचे काय झाले, हे विचारते. विधिमंडळाच्या समितीचा कार्यकाल संपतो, सदस्य बदलतात आणि पाठपुराव्याचा धागा तुटतो.

७. परतीची वाट

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष असा की, वऱ्हाडच्या बाबतीत उणीव माहितीची नव्हती. अनुशेष मोजला गेला, वाढीव अंदाज उघड झाले, बालमृत्यू नोंदले गेले. गावाचा प्रश्न सभागृहापर्यंत पोहोचला. परंतु सभागृहातील उत्तर गावापर्यंत परतले नाही. समितीची शिफारस खात्याकडे जाते, खाते कार्यवाहीचा अहवाल देते, तो छापला जातो आणि ग्रंथालयात राहतो. ज्या आरोग्य केंद्रावरून प्रश्न उद्भवला, त्या केंद्रासमोर रांगेत उभ्या असलेल्या माणसास आपल्यासाठी काय शिफारस झाली होती, हे कळत नाही. म्हणून ती अमलात आली नाही, हेही त्यास सांगता येत नाही. अशा रीतीने देखरेखीचा सर्वांत जवळचा साक्षीदार देखरेखीच्या बाहेर राहतो.

या त्रुटीवरील उपायाचे बीज महाराष्ट्राच्याच अनुभवात आहे. रोजगार हमीच्या कल्पनेतून पुढे आलेल्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने, कलम १७ अन्वये, कामांचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे सोपविले होते. हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचला जावा, ही त्यातील कल्पना साधी होती. पंचायती राज समितीची जिल्हा परिषदेविषयीची शिफारस व तिच्यावरील कार्यवाहीचा अहवाल याच पद्धतीने संबंधित गावांच्या ग्रामसभेपुढे वाचला गेला, तर समितीच्या सदस्यांना मुंबईत वा नागपुरात बसून न मिळणारी साक्ष आपोआप मिळेल. लेखापरीक्षा अहवाल अधिवेशनाच्या आरंभी पटलावर ठेवणे, मोठ्या अंदाजवाढीस सभागृहाच्या समितीने खर्चापूर्वी पाहणे आणि जुन्या समितीच्या अपूर्ण शिफारशी नव्या समितीच्या पहिल्या बैठकीत मांडणे, या तीन गोष्टींची जोड त्यास हवी. यांपैकी एकीसही संविधानदुरुस्तीची आवश्यकता नाही. नियम व संकेत यांनी त्या साधता येतात.

लोकलेखा समितीचे महत्त्व तिने पकडलेल्या चुकांवरून ठरविण्याची प्रथा आहे. सार्वजनिक सेवांच्या बाबतीत मात्र कसोटी वेगळी असावी. वलगावच्या ग्रामसभेत एखाद्याने उठून ‘समितीने सांगितलेले झाले नाही’ असे म्हणावे आणि ते वाक्य पुढील बैठकीत सचिवापुढे ठेवले जावे, एवढे घडले तरी मंत्रिमंडळाची सामूहिक जबाबदारी गावापर्यंत पोहोचली असे म्हणता येईल.